एनसी झाली म्हणजे केस झाली असं नसतं का? (आणि इतर बाळबोध प्रश्न)

बिनपाण्याचा नळ
मंडळी, कायद्याच्या बाबतीत मी ढ आहे हे आधीच सांगून टाकतो. हसा, पण उत्तरं द्या.

मार्चमध्ये आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं. एका बाजूला माझे वडील, वय ६८, दुसऱ्या बाजूला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांनी आधी आईवरून शिवी दिली, मग कानाखाली वाजवली आणि स्कूटरची किल्ली हिसकावताना बाबांची बोटं चांगलीच पिरगाळली. "परत गाडी इथं दिसली तर हातपाय तोडीन" हेही बोलून झालं. रात्री साडेदहाला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सगळं शांतपणे ऐकलं, कॉम्प्युटरवर टाईप केलं, बाबांची सही घेतली आणि एक प्रत आमच्या हातात दिली. आम्ही खूश. झाली केस.

त्या कागदावर कलम ११५(२), ३५२, ३५१(२) असं आहे आणि सगळ्यात खाली एक ओळ: "फिर्यादीस मा. न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली."

मी या ओळीचा अर्थ असा लावला की त्या गृहस्थांना समज दिली आणि कोर्टाचं पुढचं पोलीस बघतील. चार महिने तारखेच्या पत्राची वाट बघतोय. परवा चौकशीला गेलो तर तिथले दुसरे साहेब म्हणाले, "ही एनसी आहे, यात आमचं काम तेव्हाच संपलं."

म्हणजे मी नक्की काय घेऊन आलो होतो?

आगाऊ कार्टं
समज तुम्हालाच दिली होती राव, आणि तुम्हालाच ती आली नाही. :ड

कज्जेदलाल
कार्ट्याने विनोदात का होईना बरोबर सांगितलंय. त्या ओळीतला "फिर्यादी" म्हणजे तुमचे बाबा. 'समज देणे' म्हणजे इथे तंबी नाही, माहिती देणे. आमच्याकडून तपास होणार नाही, तुम्हाला वाटलं तर तुम्ही कोर्टात जा, असं ते शासकीय मराठीत लिहिलंय. ही ओळ चुकीची वाचणारे तुम्ही पहिले नाही. माझ्याकडे लोक तो कागद लॅमिनेट करून घेऊन येतात.

आता मूळ मुद्दा. गुन्हे दोन जातीचे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि कुणाला न विचारता तपास सुरू करू शकतात. त्याची पहिली खबर म्हणजे एफआयआर. अदखलपात्र गुन्ह्यात यातलं काहीच स्वतःहून करता येत नाही. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासच नाही, म्हणून त्याची फक्त नोंद घेतात. ती एनसी.

कुठला गुन्हा कुठल्या जातीचा हे ठाणे अंमलदाराच्या मनावर नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला शेवटी एक लांबलचक तक्ता जोडलाय, पहिली अनुसूची. प्रत्येक कलमासमोर रकाने: शिक्षा किती, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, खटला कुठल्या कोर्टात. कायद्याचं पुस्तक घेतलंत तर आधी तो तक्ता उघडा.

तुमची तीन कलमं म्हणजे जुनी '३२३, ५०४, ५०६': साधी मारहाण, शांतताभंग होईल असा अपमान, धमकी. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, आकडे बदलले. हे त्रिकूट तसंच राहिलं. तिन्ही अदखलपात्र, तिन्ही जामीनपात्र.

वऱ्हाडी ठेचा
दलालभाऊ, हे तर भांडनाचं झालं. माह्या भावाचा मोबाईल बाजारात चोरला. ठाण्यात गेला तर म्हनतात, "चोरला कशावरून? पडला असंन." अन् 'गहाळ' म्हनून कागद देल्ला. काहून बावा? चोरी बी अदखलपात्र झाली का काय?

कज्जेदलाल
ठेचाभाऊ, चोरी दखलपात्रच आहे, कलम ३०३(२). पण नव्या कायद्यात एक पाचर आहे. मालाची किंमत ५००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. तेव्हा बिल दाखवा, किंमत लिहायला लावा.

'गहाळ' हा निराळाच प्रकार. गहाळ म्हणजे गुन्हाच नाही. सिम परत मिळवायला तो कागद चालतो, संचार साथी या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉकही करता येतो, पण चोराच्या मागे कुणी लागणार नाही, कारण कागदोपत्री चोरच नाही.

लीड्सकर
एक जरा मुळातला प्रश्न. इथे इंग्लंडमध्ये माझ्या दुकानात चोरी झाली तेव्हा खटला 'राजा विरुद्ध अमुकतमुक' असा चालला. मी फक्त साक्षीदार. पोलिसांनी पकडलं, पण खटला भरायचा की नाही हे क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस नावाच्या वेगळ्या खात्याने ठरवलं. हे खातंही फार जुनं नाही, १९८६ पासूनचं. त्याआधी पोलीसच खटला चालवायचे. मला गंमत वाटली होती, माल माझा गेला आणि फिर्याद राजाची! भारतातही असंच ना?

कज्जेदलाल
अगदी असंच, फक्त राजाच्या जागी 'महाराष्ट्र शासन, तर्फे अमुक पोलीस ठाणे'. पोलीस केसच्या कुठल्याही कागदावर वादीच्या जागी ज्याला मार पडला त्याचं नाव नसतं.

हे पचायला जड जातं, पण सगळी इमारत यावर उभी आहे. उसने पैसे बुडवले, करार मोडला, तर तो दोन माणसांमधला वाद. दिवाणी कोर्टात जा, नुकसान भरून घे. गुन्हा मात्र एका माणसाविरुद्ध घडला तरी तो सगळ्यांविरुद्ध मानला जातो, म्हणून तपास सरकारचा, वकील सरकारचा आणि खर्चही सरकारचा. समोर एकटा माणूस आणि मागे अख्खं सरकार असं विषम भांडण असल्यामुळे पुराव्याची पट्टीही कडक. दिवाणीत पारडं एका बाजूला झुकलं तरी भागतं, फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. त्यामुळे निर्दोष सुटला म्हणजे काही घडलंच नाही असं नसतं.

फिर्यादी अगदीच वाऱ्यावर नसतो. सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, ही तरतूद २००९ च्या शेवटच्या दिवशी लागू झाली. त्याआधी तेही नव्हतं.

जुनी खाकी
नमस्कार. ३१ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्यातली निम्मी गेली, म्हणून दोन शब्द.

लोक येतात तेव्हा त्यांना वाटतं, गोष्ट सांगितली की झालं. आम्ही मात्र गोष्टीत कलम शोधत असतो. "त्याने मला मारलं" यावर आमचे प्रश्न सुरू होतात. कशाने मारलं? हाताने की काठीने? कुठे? रक्त आलं का? हाताने साधं मारलं तर एनसी. तेच काठीने किंवा कोयत्याने, तर कलम ११८, दखलपात्र. चिडलेल्या माणसाला वाटतं हा उलटतपासणी घेतोय. नाही हो, तुमचा कागद कुठल्या रजिस्टरला जाणार हे त्या उत्तरांवर ठरतं.

धागाकर्ते, एक विचारतो. बोटं पिरगाळली म्हणालात. दवाखान्याची यादी दिली होती का त्या रात्री?

बिनपाण्याचा नळ
खाकी काका, विचारलं होतं त्यांनी. सरकारी दवाखान्यात जायचं पत्र देऊ का म्हणाले. बाबाच नको म्हणाले, साडेअकरा वाजले होते, घरी जाऊन हळद लावली. बोटाची सूज उतरेना म्हणून पाच दिवसांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. डाव्या करंगळीत बारीक फ्रॅक्चर निघालं. तीन आठवडे पट्टी होती. आता ठीक आहे.

जुनी खाकी
अहो, हे तुम्ही चौथ्या पॅऱ्यात नाही, पहिल्या ओळीत सांगायचं!

हाड मोडलं किंवा निखळलं की कायद्यात ती साधी दुखापत राहत नाही, 'गंभीर दुखापत' होते. दातसुद्धा चालतो. करंगळीचं असलं तरी हाड ते हाड. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. आणि एक कलम जरी दखलपात्र निघालं तरी अख्खं प्रकरण दखलपात्र होतं, बाकीची अदखलपात्र कलमं त्याच्या मागे डब्यासारखी जोडली जातात.

एक्स-रेची फिल्म, रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, पट्टीचं बिल घ्या. एनसीची प्रत वर ठेवा. लेखी अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी बोललेलं स्टेशन डायरीत जात नाही.

आगाऊ कार्टं
काका, मग खरं सांगा. एफआयआर टाळायला एनसी देतात की नाही? प्रत्येकाच्या घरात एक किस्सा आहे.

जुनी खाकी
देतात. नाही म्हणून देवाशप्पथ खोटं बोलणार नाही. गुन्हे वाढले की मासिक बैठकीत वरून विचारणा होते, मग खालचा माणूस गुन्हा नोंदवायलाच कचरतो. शिवाय प्रत्येक एफआयआर म्हणजे पंचनामा, जबाब, कोर्टात कागद, आणि तपासाला माणूस एकच. त्याच्याकडे आधीच्या फायली पडलेल्या असतात. हे कारण झालं, समर्थन नाही. दुसरी बाजूही पाहिलीय. शेताच्या बांधावरून भांडण आणि सांगताना गळ्यातली चेन ओढली म्हणायचं, कारण त्याशिवाय समोरचा आत जाणार नाही हे कुणीतरी शिकवून पाठवलेलं असतं.

कज्जेदलाल
कायदा काय म्हणतो तेवढं जोडतो. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात निकाल दिला: खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक. खरं-खोटं नंतर तपासात ठरेल. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, तिचा वापर कसा होतो ते बघतोय आम्ही.

हद्दीचा वाद घालून परत पाठवणं तर आता चालतच नाही. घटना कुठेही घडो, समोरच्या ठाण्याने झिरो एफआयआर घ्यायची आणि हद्दीत पाठवायची. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागायला लाजू नका.

तरीही नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, मग मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज. ही पायरी ओलांडून थेट कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो.

नळभाऊ, तुमच्यासाठी एक धोक्याची घंटा. समजा फ्रॅक्चर नसतं आणि एनसीच राहिली असती, तरी मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा आदेश मागता आला असता किंवा खासगी फिर्याद दाखल करता आली असती. पण साध्या मारहाणीला शिक्षा एक वर्षाची, त्यामुळे कोर्टाने दखल घ्यायची मुदतही एकच वर्ष. पोस्टमनची वाट बघण्यात चार महिने गेलेच आहेत.

शेवंती
विषय निघालाय तर पंच म्हणून माझा अनुभव लिहिते. आमच्या गल्लीतल्या घरफोडीत मी पंच होते. पोलीस काका दारात येऊन म्हणाले, "ताई, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं तीन तास चालली. कपाटाचं तुटलेलं कुलूप एका खाकी पाकिटात घातलं, तोंडावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर आम्हा दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या आणि वर लाखेचा ठिपका. लाख वितळवायला माझ्याच देवघरातली काडेपेटी.

पाच वर्षांनी समन्स आलं. पिंजऱ्यात उभं केलं, तेच पाकीट फोडून कुलूप समोर धरलं. "हेच का ते?" मी आपलं प्रामाणिकपणे म्हटलं, कुलूप सगळी सारखीच दिसतात, पण पट्टीवरची सही माझी आहे. घरी येईपर्यंत धाकधूक होत होती की माझ्यामुळे चोर सुटला की काय.

कज्जेदलाल
शेवंतीताई, उलट फार चांगली साक्ष दिलीत. ती पट्टी त्यासाठीच असते. पंचाने कुलूप ओळखावं अशी अपेक्षाच नाही, जप्त केलं तेव्हा मी हजर होते आणि सील माझ्यासमोर झालं, एवढंच सांगायचं असतं. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं सक्तीचं झालंय, पण पंच गेलेले नाहीत.

बचावाचा वकील पंचाला एक प्रश्न हमखास विचारतो: याआधी किती वेळा पंच होतात? ठाण्यासमोरचा चहावालाच प्रत्येक पंचनाम्यात असेल तर ती जप्ती तिथेच लंगडी होते.

लीड्सकर
आणखी एक. बातम्यांत 'अजामीनपात्र गुन्हा दाखल' वाचलं की वाटतं आता हा माणूस सुटत नाही. मग तिसऱ्या दिवशी जामीन कसा होतो?

कज्जेदलाल
कारण शब्दच फसवा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क, तो ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र म्हणजे तो कोर्टाच्या विवेकावर. मिळणारच नाही असा अर्थ नाही. जामीन म्हणजे सुटकाही नाही, खटला चालूच असतो. निकालाआधीचा तुरुंग ही शिक्षा नव्हे. 'जामीन हा नियम, तुरुंग अपवाद' ही रीत न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ सालीच घालून दिली.

अटक झाली तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, ते थेट संविधानातून येतं, अनुच्छेद २२. मग पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी हे कोर्ट ठरवतं. पहिलीत आरोपी चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात, दुसरीत तुरुंगात. ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो. गुन्हा कितीही वाईट असो.

वऱ्हाडी ठेचा
अन् चोर सापडलाच नाही तं? भावाची मोटारसायकल गेली होती मांगच्या साली, तिची एफआयआर झाली होती. आता पत्र आलं, 'ए समरी' म्हनून. विमावाला तेच मागत होता म्हनून आम्ही खूश. चांगलं असते का ते?

जुनी खाकी
ही आपल्या महाराष्ट्राची बाराखडी. ए समरी: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. बी: खबर जाणूनबुजून खोटी. सी: खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. 'ए' झाली म्हणजे फाईल पुरली असं नाही, गाडी उद्या सापडली तर पुन्हा उघडते. 'बी' किंवा 'सी' आली तर मात्र बसून राहू नका. समरी मंजूर करायच्या आधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस द्यायची असते, तिथे हजर राहून हरकत घेता येते.

बिनपाण्याचा नळ
अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

काकांनी सांगितलं तसा अर्ज दिला. शिक्का मारायला "साहेब आल्यावर" असं तीनदा ऐकलं, बाकावर बसून राहिलो, चौथ्यांदा मिळाला. त्यांनी दवाखान्याकडून रेकॉर्ड मागवलं, बाबांचा पुरवणी जबाब घेतला, आणि नवव्या दिवशी एफआयआर झाली. या कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे, वर्षासकट. समजेची ओळ नाही!

दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक, शेजाऱ्याला अटक झाली नाही, नुसती नोटीस दिली. दोन, त्यांनीही आता बाबांविरुद्ध एनसी दिलीय, बाबांनी शिवीगाळ केली म्हणून.

कज्जेदलाल
अभिनंदन. पहिलं बरोबरच झालं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेत ऊठसूट अटक करायची नाही, हजर राहायची नोटीस द्यायची, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ साली बजावलंय. तसंही हे कलम जामीनपात्र आहे, अटक झाली असती तरी संध्याकाळी ते लिफ्टमध्ये भेटले असते. दुसरं, उलट फिर्याद येतेच. तिच्यावरही तीच समजेची ओळ असणार.

आता कटू बोलतो. पाच दिवस उशिराचा एक्स-रे हा बचावाचा पहिला मुद्दा असेल: मधल्या काळात घरी पडले नसतील कशावरून? दुसरा मुद्दा, किल्ली घ्यायची होती, बोट मोडायचा हेतू नव्हता. भांडण पाहणारं कुणी होतं का?

बिनपाण्याचा नळ
वॉचमन होता. पण तो महिन्यापूर्वी गावी गेला, एजन्सीने दुसरा पाठवलाय. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग १५ दिवसांनी आपोआप पुसलं जातं म्हणे.

आणि एक घरची अडचण. काल बाबा म्हणाले, "त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय रे, मिटवता येत नाही का हे?" मी कपाळावर हात मारला.

जुनी खाकी
मिटवायचं की नाही ते बाबांना ठरवू द्या, करंगळी त्यांची आहे. घाई नको, ते कोर्टासमोरच करायचं असतं, ठाण्यात कोऱ्या कागदावर सही देऊन नाही. तोवर त्या वॉचमनचा नंबर एजन्सीकडून काढा आणि तपासी अंमलदाराला लेखी द्या. पुन्हा सांगतो, शिक्का घेऊन.

आगाऊ कार्टं
वाचनखूण साठवली. आमच्याकडे पण पार्किंगचा वाद पेटतोय, फक्त त्यात गाडी चुकीची लावणारा मी आहे. त्यासाठी वेगळा धागा काढू का?